घटना-अभ्यास पद्धती

एखाद्या विशिष्ट घटनेमुळे कंपनीच्या शेअरच्या भावात किती फरक पडला, हे बाजाराच्या एकूण चढउतारापासून वेगळे काढून मोजण्याची संख्याशास्त्रीय पद्धत. बँकांचे विलीनीकरण, तिमाही निकाल, लाभांश, बोनस, पतमानांकनातील बदल, रिझर्व्ह बँकेचे निर्णय अशा विषयांवरील पदव्युत्तर प्रकल्पांत आणि पीएच.डी. प्रबंधांत ती मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. अभ्यासकांच्या बोलण्यात ‘इव्हेंट स्टडी’ हाच शब्द रुळला आहे. नावात सारखेपणा वाटला तरी केस स्टडीशी या पद्धतीचा संबंध नाही. केस स्टडीत एकाच संस्थेचा सर्वांगाने विचार होतो. येथे अनेक कंपन्यांच्या आयुष्यातील एकाच प्रकारचा दिवस तपासला जातो.

उगम : या पद्धतीचा पहिला मान सामान्यतः अमेरिकन अभ्यासक जेम्स डॉली यांना दिला जातो. १९३३ मध्ये त्यांनी शेअर विभाजनाचा (एका शेअरचे कमी किमतीचे अनेक शेअर करण्याचा) भावावरील परिणाम तपासला. १९२१ ते १९३१ या काळातील ९५ विभाजनांपैकी ५७ मध्ये भाव वाढले आणि २६ मध्ये उतरले, असे त्यांना आढळले. मात्र त्यांची मोजणी केवळ भावाच्या फरकाची होती. त्या दिवशी सगळा बाजारच वर गेला होता का, हा प्रश्न तिच्यात नव्हता, आणि आजच्या पद्धतीचा गाभा तर तोच प्रश्न आहे. त्यामुळे डॉली यांना पूर्वसूरी म्हणणे योग्य, जनक म्हणणे धाडसाचे. पुढे साधारण १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून १९६० च्या दशकाच्या आरंभापर्यंत बाजाराचा परिणाम वजा करणे आणि त्याच सुमारास आलेल्या इतर बातम्या बाजूला काढणे, या दोन सुधारणा हळूहळू झाल्या.

आजच्या स्वरूपाचे श्रेय दोन लेखांत विभागले जाते. रे बॉल व फिलिप ब्राऊन यांचा कंपन्यांच्या नफ्याच्या आकड्यांवरील लेख १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. युजीन फामा, लॉरेन्स फिशर, मायकेल जेन्सन व रिचर्ड रोल यांचा शेअर विभाजनावरील लेख १९६९ मध्ये आला. लेखाशास्त्राचे अभ्यासक पहिल्याकडे बोट दाखवतात, तर वित्तशास्त्राचे दुसऱ्याकडे. छापील तारखेने बॉल-ब्राऊन आधीचे ठरतात. परंतु फामा व सहकाऱ्यांचा मसुदा त्याआधीच हातोहात फिरत होता आणि बॉल-ब्राऊन यांनी त्याचा आधार घेतला होता, असे दिसते. दोन्ही लेखांची मुळे शिकागो विद्यापीठात आणि तेथील शेअरभावांच्या एकाच संगणकीय साठ्यात आहेत. मेरिल लिंच या पेढीच्या देणगीतून १९६० मध्ये तेथे स्थापन झालेल्या केंद्राने न्यूयॉर्क बाजारातील १९२६ पासूनचे मासिक भाव जमवले होते. हा साठा उपलब्ध झाल्यामुळे ही पद्धत शक्य झाली, हे मत अधिक पटण्याजोगे आहे. फामा व सहकाऱ्यांनी १९२७ ते १९५९ मधील ९४० विभाजने घेतली. भाव विभाजनापूर्वीच चढत गेलेला असतो आणि विभाजनानंतर सरासरीने सपाट होतो, असा त्यांचा निष्कर्ष होता.

मांडणी : प्रथम घटनेचा दिवस ठरवून त्याला शून्य दिवस म्हणतात. त्याआधीचे व नंतरचे व्यवहाराचे दिवस उणे व अधिक अंकांनी मोजले जातात. सुट्ट्या मोजणीत येत नाहीत. शून्य दिवसाभोवतीचे काही दिवस म्हणजे घटना-काळ. तो उणे १ ते अधिक १ किंवा उणे ५ ते अधिक ५ असा घेण्याचा प्रघात आहे. त्याच्या मागे, काही दिवसांचे अंतर सोडून, १२० ते २५० दिवसांचा अंदाज-काळ घेतात. या काळात शेअरचा दैनिक परतावा (भावातील रोजचा टक्केवारी बदल) आणि निर्देशांकाचा परतावा यांची समाश्रयण रेषा, म्हणजे दोहोंचा सरासरी संबंध दाखवणारी सरळ रेषा, काढली की शेअरचा ‘अल्फा’ (निर्देशांक स्थिर असतानाचा परतावा) आणि ‘बीटा’ (निर्देशांक एक टक्का हलला की शेअर किती हलतो) मिळतो. घटनेच्या दिवशी अल्फा अधिक बीटा गुणिले निर्देशांकाचा परतावा हा अपेक्षित परतावा. प्रत्यक्ष परताव्यातून तो वजा केला की उरतो तो अपसामान्य परतावा. घटना-काळातील अशा परताव्यांची बेरीज म्हणजे संचित अपसामान्य परतावा.

उदाहरणादाखल काल्पनिक आकडे घेऊ. अल्फा ०.०२ टक्के, बीटा १.२, आणि त्या दिवशी निर्देशांक २ टक्के खाली. म्हणजे अपेक्षित परतावा उणे २.३८ टक्के. शेअर प्रत्यक्षात ५ टक्के पडला, तर अपसामान्य परतावा उणे २.६२ टक्के. अंदाज-काळातील अवशेषांचे (रेषेपासूनच्या रोजच्या फरकांचे) प्रमाण विचलन, म्हणजे त्यांच्या विखुरलेपणाचे माप, १.८ टक्के असेल, तर अपसामान्य परताव्याला त्याने भागून उणे १.४६ येतो. ५ टक्के सार्थकता पातळीसाठी (परिणाम नसतानाही असा फरक दिसण्याची शक्यता ५ टक्क्यांहून कमी असण्यासाठी) तो १.९६ च्या पलीकडे जावा लागतो. वर्तमानपत्रात ‘शेअर कोसळला’ असा मथळा आला तरी या कसोटीवर ती घसरण नेहमीच्या हेलकाव्यात बसते. घटना-काळ ११ दिवसांचा केला, तर विचलन ११ च्या वर्गमुळाने वाढून सुमारे ६ टक्के होते आणि एका शेअरसाठी जवळपास १२ टक्क्यांखालचा परिणाम पकडताच येत नाही. विद्यार्थी ‘काहीतरी सापडेल’ म्हणून घटना-काळ ताणतात, तेव्हा ते पकड उलट सैल करत असतात.

घटनेचा दिवस : प्रबंध फसतात ते बहुधा येथे, आणि दिवस चुकला तर पुढची कोणतीही कसोटी ती चूक भरून काढू शकत नाही. बँक ऑफ बडोदा, विजया बँक व देना बँक यांचे विलीनीकरण १ एप्रिल २०१९ रोजी अमलात आले. तीच तारीख शून्य दिवस धरली, तर हाती काही लागत नाही, कारण बाजाराला ही बातमी १७ सप्टेंबर २०१८ च्या संध्याकाळी कळली होती. दुसऱ्या दिवशी, १८ सप्टेंबरला, देना बँकेचा शेअर सुमारे २० टक्के वर गेला आणि बँक ऑफ बडोदाचा सुमारे १६ टक्के खाली आला. अदलाबदलीचे प्रमाण २ जानेवारी २०१९ रोजी जाहीर झाले : विजया बँकेच्या १,००० शेअरमागे बँक ऑफ बडोदाचे ४०२, देना बँकेच्या १,००० मागे ११०. ही दुसरी, स्वतंत्र घटना आहे. दोन्ही घटना वेगवेगळ्या मोजाव्या लागतात.

पुढच्या वर्षीचे उदाहरण आणखी बोलके आहे. दहा सरकारी बँकांच्या चार बँका करण्याची घोषणा शुक्रवार, ३० ऑगस्ट २०१९ रोजी बाजार बंद झाल्यावर झाली. सोमवारी, २ सप्टेंबरला, गणेश चतुर्थीमुळे बाजार बंद होता. म्हणून शून्य दिवस येतो मंगळवार, ३ सप्टेंबर. पण घोषणेच्याच संध्याकाळी एप्रिल-जून तिमाहीचा विकासदर ५ टक्के असल्याचे प्रसिद्ध झाले होते आणि मंगळवारी सेन्सेक्स सुमारे ७७० अंकांनी पडला. बाजाराची पडझड बीटामार्फत वजा होते. मात्र मंदीची बातमी बँकांना इतरांपेक्षा जास्त लागली असेल, तर तो भाग विलीनीकरणाच्या नावावर चढतो. शिवाय दहाही बँकांचा शून्य दिवस एकच आहे. ही दहा स्वतंत्र निरीक्षणे नव्हेत. साधी टी-कसोटी (सरासरी परिणाम शून्याहून खरोखर वेगळा आहे का, हे पाहणारी) ती स्वतंत्र मानते आणि सार्थकता फुगवते. अशा वेळी सगळ्या बँकांच्या शेअरचा एकच समूह (पोर्टफोलिओ) करून त्याचा एकच परतावा तपासावा, किंवा कोलारी व प्युनोनेन यांची २०१० ची सहसंबंध-दुरुस्ती लावावी. बहुतेक प्रकल्पांसाठी पोर्टफोलिओचा मार्ग सोपा आणि पुरेसा आहे.

अपेक्षित असलेली बातमी भाव हलवत नाही. ४ मे २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने ठरलेल्या वेळापत्रकाबाहेर रेपो दर ०.४० टक्क्यांनी वाढवला आणि सेन्सेक्स १,३०० हून अधिक अंकांनी घसरला. ८ जूनची वाढ ०.५० टक्के, म्हणजे मोठी होती, तरी घसरण त्यामानाने किरकोळ होती, कारण ती वाढ सगळ्यांनी गृहीत धरली होती. दरबदलाचा आकार हेच घटनेचे माप मानणाऱ्या प्रबंधांत हा भेद सुटतो.

आकड्यांची तयारी : शेअर बाजाराच्या ‘भावकॉपी’त, म्हणजे रोजच्या भावांच्या यादीत, भाव जसेच्या तसे असतात. एकास एक बोनस दिल्यावर ४०० चा शेअर २०० वर उघडतो आणि दुरुस्ती केली नाही, तर उणे ५० टक्क्यांचा खोटा परतावा गणनेत शिरतो. एवढी एक नोंद अंदाज-काळात राहिली तरी प्रमाण विचलन बिघडते आणि खरा परिणाम झाकला जातो. बँकांच्या अभ्यासात निर्देशांक म्हणून बँक निफ्टी घेण्याचा मोहही टाळावा. सगळ्या बँकांवर झालेला परिणाम त्यात आधीच मिसळलेला असतो, म्हणून वजाबाकीत तोच नाहीसा होतो. निफ्टी ५०० सारखा व्यापक निर्देशांक बरा. ज्या शेअरमध्ये दिवसेंदिवस व्यवहार होत नाहीत त्यांचा बीटा कमी येतो. त्यासाठी शोल्स-विल्यम्स (१९७७) व डिमसन (१९७९) यांच्या दुरुस्त्या आहेत. सर्किटची (एका दिवसात भाव जास्तीत जास्त किती हलू शकतो त्याची) मर्यादा ५ टक्के असेल, तर परिणाम पुढच्या दोन-तीन दिवसांवर सांडतो, म्हणून एकाच दिवसाचा परतावा पुरत नाही.

निकालाच्या घोषणेची वेळ मिनिटासह नोंदवावी. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीच्या २०१५ च्या नियमांनुसार संचालक मंडळाची बैठक संपल्यापासून ३० मिनिटांत निकाल कळवावे लागत. बैठक बाजार बंद झाल्यावर संपल्यास ही मुदत डिसेंबर २०२४ पासून ३ तास आहे. दुपारी ३.३० नंतरची बातमी दुसऱ्या दिवसाची, हा नियम प्रत्येक नोंदीला लावावा.

कसोट्या : ब्राऊन व वॉर्नर यांनी १९८० मध्ये मासिक आणि १९८५ मध्ये दैनिक आकड्यांवर दाखवले, की थोड्या दिवसांच्या घटना-काळात अपेक्षित परतावा काढण्याचे साधे प्रतिमानही चांगले काम देते. घटनेमुळे अस्थिरताच वाढत असेल, तर बोहमर, मुसुमेची व पौल्सन यांची १९९१ ची कसोटी वापरतात. वितरण तिरके असेल, तर परताव्यांच्या आकाराऐवजी त्यांचा क्रम पाहणारी कोराडो यांची क्रमांक-कसोटी. एक ते पाच वर्षांच्या परिणामांबाबत मतभेद आहेत. बार्बर व लायन ‘घेऊन ठेवलेल्या’ शेअरचा परतावा मोजतात, तर फामा दर महिन्याच्या पोर्टफोलिओचा आग्रह धरतात. दुसरी बाजू संख्याशास्त्रदृष्ट्या अधिक भक्कम समजली जाते.

महाराष्ट्रातील उपयोग : सूचिबद्ध (शेअर बाजारात नोंदलेल्या) बँकांपुरती ही पद्धत येथील विद्यापीठांत रुळली आहे. नागरी व जिल्हा सहकारी बँकांना ती लागू पडत नाही, कारण त्यांचे भाग दर्शनी किमतीलाच घेतले-दिले जातात आणि बाजारभाव नसतो. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा या पद्धतीने फक्त तिच्याकडून कर्ज घेतलेल्या सूचिबद्ध कंपनीचा किंवा इतर सूचिबद्ध बँकांचा शेअर तपासता येत होता. ठेवीदारांवरील परिणामासाठी ठेवींचे तिमाही आकडे, आणि निर्बंध नसलेल्या बँकांशी तुलना, हाच मार्ग उरतो.