गडगडाटात कुत्र्याला जवळ घेतलं तर भीती वाढते?

‘घाबरला की लक्ष देऊ नका, लाड केलेत तर भित्रा होईल’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे. बिस्किट दिल्यावर ‘बस’ शिकतो, कारण ती कृती आहे. भीती ही भावना आहे, कुरवाळण्याचं बक्षीस मिळवायला कुणी थरथरत नाही. अंगाला चिकटून बसला तर बसू द्या, छातीवरून सावकाश हात फिरवा. पलंगाखालून ओढून मात्र काढू नका, तिथे चावा बसतो.

वळवाचं आभाळ भरलं की आधीच फिरवून आणा. खिडक्या-पडदे बंद, पंखा जोरात, आतल्या खोलीत किंवा बाथरूममध्ये त्याची गोधडी. प्रत्येक गडगडाटानंतर लगेच उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा. खातच नसेल तर भीती हाताबाहेर गेली आहे, डॉक्टरांना विचारा. औषध बहुधा वादळाच्या तासभर आधी द्यावं लागतं. एकट्या ॲसप्रोमाझीन या गुंगी आणणाऱ्या औषधावर भागवू नका: अंग ढिलं पडतं, भीती आत तशीच राहते, आणि आपल्याला वाटतं शांत झाला.

गडगडाटाच्या रेकॉर्डिंगची सवय हिवाळ्यात लावा, कान जेमतेम टवकारतील इतक्याच आवाजात.