बवाज रूथचा दीर नव्हता

बायबलमधल्या रूथच्या पुस्तकावर (विधवा रूथ आणि तिची सासू नामी यांची गोष्ट) बोलताना हटकून हे वाक्य येतं: 'दिराने विधवेशी लग्न करावं, या नियमाप्रमाणे बवाजाने रूथला बायको केलं.' साफ चूक. बवाज तिच्या सासऱ्याच्या कुळातला, पण दीर नव्हे.

दिराचा नियम बहुतेकांना माहीत असतो (बायबलमधलं 'अनुवाद' हे पुस्तक, 25:5-10). एकत्र राहणाऱ्या भावांपैकी एक निपुत्रिक मेला, तर दुसऱ्याने भावजयीशी लग्न करायचं आणि पहिला मुलगा मेलेल्याच्या नावाने लावायचा. याला 'बायबलमधला नियोग' म्हणणं मात्र कृपा करून थांबवा. नियोगात लग्न नसतं, इथे ती रीतसर बायको होते.

बवाज आला तो गोएल, म्हणजे सोडवणारा आप्त म्हणून. गोएलचं काम वेगळं. नातलगाने गरिबीपायी जमीन विकली तर जवळच्या आप्ताने ती सोडवायची, तो स्वतः परक्याकडे विकला गेला तर त्यालाही (लेवीय 25). लग्नाचा तिथे उल्लेखही नाही.

घोटाळा होतो तो पायतणामुळे. अनुवादात आणि रूथच्या गोष्टीत, दोन्हीकडे वेस आहे, गावचे वडीलजन आहेत, पायतण निघतं. मग लोक दोन्ही प्रसंग एकच समजतात. पण पायतण कोण काढतं ते बघा. अनुवादात फिर्यादी विधवा आहे. ती स्वतः वेशीत जाते. वडीलजनांनी समजावूनही दीर ऐकेना, तर त्यांच्यादेखत त्याच्या पायातलं पायतण तीच काढते आणि त्याच्या तोंडावर थुंकते. त्या घराला 'पायतण काढलेल्याचं घर' हे नाव चिकटतं. रूथच्या चौथ्या अध्यायात बवाजापेक्षा जवळचा, सोडवण्याचा पहिला हक्क असलेला एक आप्त आपलं पायतण आपणच काढून देतो, व्यवहार पक्का झाल्याची खूण म्हणून. ना थुंकणं, ना बेअब्रू. आणि रूथ? ती तिथे नाहीच. दहा वडीलजनांसमोर पुरुषांचीच बोलणी चालतात. म्हणजे पहिल्या प्रसंगात बाईला हक्काने दाद मागता येते, दुसऱ्यात तिच्याविषयीचा निर्णय तिच्या माघारी होतो.

दिराची वाट तर नामीने पहिल्याच अध्यायात बंद केली होती: माझ्या पोटी आता आणखी मुलगे आहेत का, तुमचे नवरे व्हायला? तिला आणि सुनेला जमिनीचाच आधार होता, तोही कच्चा. कारण गणना 27:8-11 मधल्या वारसांच्या क्रमात मुलगी आहे, भाऊ आहेत, चुलते आहेत, विधवा नाही.

म्हणून बवाज डाव टाकतो. आधी फक्त जमिनीचं बोलतो, आप्त लगेच 'सोडवतो' म्हणतो. मग रूथचं नाव काढतो, मेलेल्याचं नाव चालवायची गोष्ट पुढे करतो. आप्त कचरतो: माझ्या वतनाचं नुकसान होईल. हिशेब सरळ आहे, पैसे त्याचे जाणार आणि जमीन रूथच्या मेलेल्या नवऱ्याच्या, महलोनाच्या नावाने लागलेल्या मुलाची होणार. (या आप्ताला नाव नाही. हिब्रूत बवाज त्याला 'पलोनी अलमोनी' अशी हाक मारतो. आपला 'फलाणा' अरबीतून आला, तो या पलोनीचाच भाऊबंद.)

दोन रिवाजांची सांगड बवाजाने घातली, नियमशास्त्राने नव्हे. ती किती सैल होती ते मुलावरून कळतं. महलोनाचं नाव राखण्यासाठी हे लग्न, असं बवाज वेशीत बोलला होता. ओबेद जन्मल्यावर शेजारणी म्हणाल्या, 'नामीला मुलगा झाला.' आणि शेवटच्या वंशावळीत ओबेदाचा बाप म्हणून नाव लागलंय ते बवाजाचं.