चार देश, चार विजा

बेल्जियममधलं लिएज सोडून गाडी जर्मनीतल्या आखेनकडे निघाली की सरहद्दीजवळ चालक टपावरचा पँटोग्राफ, म्हणजे वरच्या तारेतून वीज घेणारा सांगाडा, खाली घेतो. तिथे थोड्या अंतरापुरती वरच्या तारेत वीजच नसते. आधीच्या वेगाच्या जोरावर गाडी तेवढा टप्पा पार करते, मग पँटोग्राफ पुन्हा वर चढतो. प्रवाशांना बहुधा पत्ताही लागत नाही. पण तेवढ्यात 25,000 व्होल्टची वीज जाऊन 15,000 व्होल्टची आलेली असते.

ही थालिस. 1996 साली सुरू झालेली गर्द लाल गाडी; पॅरिसहून ब्रसेल्स, तिथून एक फाटा ॲमस्टरडॅमला, दुसरा कोलोनला. नावाला काही अर्थ नाही, कुठल्याही भाषेत जीभ अडखळू नये म्हणून ते बनवलेलं. 2023 मध्ये ते युरोस्टारमध्ये विरघळलं. गाड्या मात्र धावताहेतच. 1997 च्या अखेरीस बेल्जियमचा वेगवान मार्ग खुला झाला आणि पॅरिस-ब्रसेल्स प्रवास दीड तासाच्या आत आला. 2001 मध्ये एअर फ्रान्सने तर पॅरिस-ब्रसेल्स विमानंच बंद करून प्रवासी या गाडीत बसवले.

रुळांची अडचण नव्हतीच. फ्रान्स, बेल्जियम, नेदरलँड्स, जर्मनी, चारही देशांत रुंदी 1,435 मिलिमीटर. भानगड वरच्या तारेची. नव्या वेगवान मार्गांवर 25,000 व्होल्ट एसी (सतत दिशा बदलणारी वीज), बेल्जियमच्या जुन्या मार्गांवर 3,000 व्होल्ट डीसी (एकाच दिशेने वाहणारी), नेदरलँड्समध्ये 1,500 व्होल्ट डीसी. हा शेवटचा आकडा मुंबईकरांच्या ओळखीचा. 1925 पासून जवळजवळ नव्वद वर्षं आपली लोकल याच विजेवर धावली, आणि एसी-डीसीच्या सांध्यावर दिवे-पंखे क्षणभर गप्प व्हायचे ते याचमुळे.

जर्मनीचं प्रकरण सगळ्यांत गमतीचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या एसी मोटारींना सेकंदाला 50 आवर्तनं झेपत नसत, फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या ब्रशपाशी ठिणग्या उडत. म्हणून आवर्तनं एक तृतीयांश केली. त्या मोटारी कधीच भंगारात गेल्या, 16.7 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला तेवढ्या आवर्तनांची, वीज राहिली. आवर्तनं कमी म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा जाड नि जड, आणि या वेगवान गाडीत एका आसावर 17 टनांपेक्षा जास्त भार टाकायची सोय नाही.

कोलोनपर्यंत जाणाऱ्या गाडीची ताकद 8,800 किलोवॅट. हिशेब करून पाहा: 25,000 व्होल्टवर त्यासाठी सुमारे 350 अँपिअर पुरतात, 1,500 व्होल्टवर जवळजवळ 5,900 लागतील. तेवढा प्रवाह ओढायचा कुठून? तर तारेला घासत जाणाऱ्या पँटोग्राफच्या चिंचोळ्या पट्टीतून. पट्टी नि तार दोन्ही तापतील. म्हणून डच डीसी तारेखाली ही गाडी निम्म्याहून कमी ताकदीवर चालते. ताशी 300 किलोमीटरचा दिमाख फक्त 25,000 व्होल्टखाली.

उरला सिग्नल. त्या वेगात गाडी सेकंदाला 83 मीटर कापते. रुळांशेजारचा दिवा डोळ्यांनी वाचून ब्रेक लावणं अशक्य. त्यामुळे वेगमर्यादा चालकाच्या पुढ्यातल्या फलकावरच उमटते. पण ती कळवण्याची प्रत्येक देशाची रीत वेगळी, उपकरण वेगळं, अँटेना वेगळी. हे सगळं एकाच गाडीत कोंबलेलं. अखेर युरोपने सगळ्यांसाठी ईटीसीएस (युरोपियन ट्रेन कंट्रोल सिस्टिम) ही एकच पद्धत ठरवली. जुन्या मार्गांवर जुन्या पद्धती चालूच होत्या, म्हणून थालिसमध्ये ती आणखी एक पेटी म्हणून बसवावी लागली.