म्युनिक करार आणि चेंबरलेन यांच्या हातातला कागद

३० सप्टेंबर १९३८ची संध्याकाळ, लंडनजवळचा हेस्टन विमानतळ. विमानातून उतरलेले ब्रिटिश पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेन जमलेल्या लोकांना एक कागद उंच धरून दाखवत आहेत. हे छायाचित्र आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं. त्याखाली बहुतेक वेळा ‘म्युनिक करार दाखवताना चेंबरलेन’ असं छापलेलं असतं. ते चूक आहे. तो कागद म्युनिक करार नव्हे. तो वेगळा कागद आहे. त्यावर सह्या झाल्या त्या वेगळ्या वेळी, वेगळ्या ठिकाणी, आणि सही करणारेही सगळे तेच नव्हते.

आधी करार पाहू. चेकोस्लोव्हाकियाचा जर्मन भाषकांची वस्ती असलेला सीमेवरचा सुडेटन प्रदेश जर्मनीला देणारा हा करार. त्यावर तारीख २९ सप्टेंबरची असली, तरी सह्या झाल्या मध्यरात्र उलटून गेल्यावर. म्युनिकमधल्या नाझी पक्षाच्या ‘फ्युररबाऊ’ या इमारतीत हिटलर, मुसोलिनी, चेंबरलेन आणि फ्रान्सचे पंतप्रधान दलादिये या चौघांनी त्या केल्या. मुसोलिनीने स्वतःचा म्हणून जो मसुदा पुढे ठेवला, तो मुळात बर्लिनहूनच आला होता. ज्या देशाचा प्रदेश तोडायचा, त्या चेकोस्लोव्हाकियाला बैठकीत जागा नव्हती. मास्टनी आणि मासारिक हे त्याचे दोन प्रतिनिधी म्युनिकमध्येच होते. पण त्यांना हॉटेलात बसवून ठेवलं आणि रात्री उशिरा बोलावून नकाशा हातात दिला. तुमच्या उत्तराची आम्हाला गरज नाही, असंही त्यांना ऐकावं लागलं.

कराराची कलमं आठ. सुडेटन प्रदेश सोडायला १ ऑक्टोबरपासून सुरुवात करायची आणि १० ऑक्टोबरपर्यंत तो पूर्ण रिकामा करायचा. काही भागांत सार्वमत घ्यायचं होतं, ते पुढे झालंच नाही. मला सगळ्यांत जिव्हारी लागतं ते दुसरं कलम: निघून जाताना तिथल्या कोणत्याही बांधकामाची, साधनसामग्रीची मोडतोड करायची नाही. चेकोस्लोव्हाकियाने मोठा खर्च करून उभारलेल्या सीमेवरच्या तटबंद्या याच पट्ट्यात होत्या. त्या जशाच्या तशा जर्मन सैन्याच्या हाती गेल्या. उरलेल्या देशाला ब्रिटन-फ्रान्सची हमी मिळणार होती, पण ती कराराच्या जोडपत्रात. जर्मनी आणि इटली हमी देणार होते ते पोलिश आणि हंगेरियन अल्पसंख्याकांचा प्रश्न सुटल्यावर.

आता तो कागद. सह्यांनंतर जेमतेम काही तासांनी, सकाळी, चेंबरलेन हिटलरच्या प्रिन्झरेगेन्टनप्लाट्झवरच्या खासगी घरी गेले. जाताना मजकूर सोबत तयार करूनच नेला होता. दलादिये तेव्हा म्युनिकमध्येच होते, पण त्यांना याची कल्पना दिली नाही. हिटलरने फारशी खळखळ न करता सही केली. सह्या दोनच, मजकूर तीन छोट्या परिच्छेदांचा. आदल्या रात्रीचा करार आणि १९३५चा ब्रिटन-जर्मनी नौदल करार ही दोन्ही राष्ट्रांना पुन्हा कधीही एकमेकांशी युद्ध करायचं नाही या इच्छेची प्रतीकं आहेत, आणि यापुढचे प्रश्न विचारविनिमयाने सोडवू, एवढाच त्याचा आशय. चेकोस्लोव्हाकियाचं नाव त्यात कुठेच नाही. कलम नाही, मुदत नाही, नकाशा नाही. हिटलरला या सहीसाठी काहीच मोजावं लागलं नाही.

करार आणि कागद एकच समजण्याचा हा घोळ चेंबरलेन यांनी स्वतः केला नव्हता. चेकोस्लोव्हाकियाच्या प्रश्नाची सोडवणूक ही युरोपभर शांतता आणणाऱ्या मोठ्या तडजोडीची नुसती नांदी आहे, असं त्यांनी हेस्टनवर आधी सांगितलं. मग सकाळच्या भेटीचा वेगळा उल्लेख करून तो कागद वाचून दाखवला. त्यांचा खरा भरवसा या कागदावर होता. ‘आपल्या काळापुरती शांतता’ हे प्रसिद्ध उद्गार मात्र विमानतळावरचे नाहीत. ते त्याच संध्याकाळी नंतर, डाउनिंग स्ट्रीटवरच्या घराच्या खिडकीतून काढलेले.

हा फरक मला महत्त्वाचा वाटतो, कारण दोन्ही एक मानले की म्युनिकची गोष्ट एका भोळ्या माणसाच्या फसवणुकीची होऊन बसते. कागदापुरतं तसं म्हणता येईल. करारात मात्र कुणी फसलं नव्हतं. तिथे काय दिलं जात आहे आणि कुणाचं दिलं जात आहे, हे चौघांनाही नीट माहीत होतं, आणि तो भाग अक्षरशः अमलात आला. चेक सैन्य मागे हटलं, जर्मन सैन्य आत शिरलं.

१५ मार्च १९३९ला जर्मन सैन्य प्रागमध्ये घुसलं, तेव्हा हमी आणि विचारविनिमय दोन्ही एकाच दिवशी निकालात निघाले. २८ एप्रिलला हिटलरने नौदल करारही मोडला. म्हणजे कागदात ज्या दोन करारांचा दाखला होता, त्यांतलं काहीच उरलं नाही. म्युनिक कराराचा निकाल लावायला मात्र बराच काळ गेला. ब्रिटनने ऑगस्ट १९४२मध्ये आपण त्याने बांधलेले नाही असं जाहीर केलं, आणि पश्चिम जर्मनी व चेकोस्लोव्हाकिया यांनी तो परस्परसंबंधांत निरर्थक ठरवणाऱ्या तहावर सह्या केल्या त्या डिसेंबर १९७३मध्ये, प्रागला.