क्रोमवर रंग का टिकत नाही, आणि नागपुरात तो मारायचा कधी

हल्ली पिकअपच्या जाळीवरचा, बंपरवरचा, आरशाच्या कव्हरवरचा चकचकीत क्रोम लोकांना नकोसा झालाय, ज्याला त्याला मॅट ब्लॅक पाहिजे. मग काय, स्प्रेचा डबा आणायचा, फडकं मारायचं, फुस्स फुस्स करून मोकळं. गाडी झकास दिसते आणि वॉशिंग सेंटरवर प्रेशरचं पाणी बसलं की रंगाचे पोपडे. शिव्या खातो बिचारा डबा, पण भानगड खाली आहे.

गाडीवर दिसणारा क्रोम म्हणजे क्रोमियम धातूचा थर, तोही साधारण पाव ते अर्धा मायक्रॉन (आपला केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे बघा). त्याच्याखाली निकेलचा बराच जाड थर असतो, चमक मुख्यतः त्याचीच, क्रोमियम फक्त तिला पिवळं पडू देत नाही. तर या क्रोमियमला हवा लागली की त्यावर लगेच ऑक्साइडचा पापुद्रा धरतो, जेमतेम काही नॅनोमीटरचा. लोखंडाचा गंज भुसभुशीत, त्यातून पाणी आत जात राहतं. हा मात्र घट्ट, आणि ओरखडा पडला तरी लगेच नवीन तयार होतो. क्रोम गंजत नाही तो यामुळेच, आणि रंगाला दाद देत नाही तोही यामुळेच. कारण रंग धरतो तो एकतर खालच्या पृष्ठभागाशी रासायनिक सलगी करून, नाहीतर बारीक चरांमध्ये घुसून. इथे सलगीला कोणी तयार नाही आणि चरा तर औषधालाही नाही. वरून वर्षानुवर्षं मारलेलं पॉलिश, त्यातलं मेण आणि सिलिकॉन.

म्हणून हे काम रंगाचं कमी आणि घासायचं जास्त आहे. आधी साबणाने धुवा, मग मेण-ग्रीस काढायचं लिक्विड लावा, आणि त्यानंतरच ३२० किंवा ४०० नंबरचा पाणी पेपर हातात घ्या, उलटं केलं तर ते मेण तुम्हीच चरांमध्ये भरता. क्रोम फार कडक असतो, पण काळ्या पाणी पेपरवरचं सिलिकॉन कार्बाइड त्याहून कडक, त्यामुळे घासला जातो, फक्त वेळ खातो. चमक पूर्ण मरेपर्यंत घासायचं, कोपरे आणि कडा सोडायच्या नाहीत, पोपडा तिथूनच उठतो. घासून झालं की साधं पाणी ओता. सलग पातळ पडदा राहिला तर पृष्ठभाग स्वच्छ, थेंब थेंब गोळा झाले तर अजून तेलकट आहे, परत पुसा.

प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा कोट, घेताना दुकानदार बहुतेक वेळा एच (etch) प्रायमर देईल, म्हणजे ॲसिडवाला. त्यातलं फॉस्फोरिक ॲसिड लोखंडाला, ॲल्युमिनियमला छान चावतं, पण क्रोमच्या त्या पापुद्र्यापुढे त्याचे दात चालत नाहीत. माझं मत विचाराल तर दोन डब्यांचा (प्रायमर आणि हार्डनर वेगळे, मारायच्या आधी मिसळायचे) एपॉक्सी प्रायमर घ्या. जाळी बहुतेक वेळा प्लास्टिकची असते, एबीएस नावाच्या कडक प्लास्टिकवर प्लेटिंग केलेली, तिथे जोरदार थिनर लावू नका, प्लास्टिक खराब होतं. शिवाय एबीएस उष्णतेने स्टीलच्या कितीतरी पट जास्त फुगतं, म्हणून त्यावर जाड कोट नको.

आणि एक उद्योग अजिबात करू नका, बॅटरी चार्जर लावून घरीच क्रोम उतरवायचा. त्यात हेक्साव्हॅलंट क्रोमियम तयार होऊ शकतं, ते कॅन्सर करणारं आहे. घासतानासुद्धा पाणी वापरा आणि मास्क लावा.

आता आपल्या नागपूरचं. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश झालं होतं, नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक दिवस, काय असतो ते वेगळं सांगायला नको. अशा उन्हात स्प्रेचे थेंब पत्र्यापर्यंत पोहोचायच्या आधीच हवेत अर्धे वाळतात आणि रंग खरखरीत, पिठासारखा बसतो. स्प्रेच्या डब्यावर ५० अंशांच्या वर ठेवू नका असं लिहिलेलं असतं, आणि मे महिन्यात बंद केबिनमध्ये ५० अंश म्हणजे काहीच नाही, तेव्हा डबा गाडीत विसरू नका भाऊ. पावसाळ्यात वेगळीच गंमत, थिनर उडताना पृष्ठभाग गार करतो, हवेतली ओल तिथे जमते आणि काळ्या रंगावर पांढुरकी झाक येते. त्यापेक्षा नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा, सकाळची थंडी उतरल्यावर, अकरा ते तीनच्या मध्ये, सावलीत पण मोकळ्या हवेत. पातळ कोट, मध्ये दहा-एक मिनिटं थांबा. जाड मारला तर वरची साय आधी वाळते, खालचं थिनर अडकतं आणि मग बुडबुडे फोडत बाहेर येतं.

हाताला वाळलेला रंग आतून पक्का व्हायला आठवडाभर तरी घेतो, थंडीत त्याहून जास्त. तोवर गाडी बादली-फडक्यानेच धुवा.