मूलोद्योग शिक्षण

मूलोद्योग शिक्षण म्हणजे प्राथमिक शाळेत सूतकताई, शेती, सुतारकाम असा एखादा उद्योग मध्यभागी धरून त्याच्याभोवती बाकीचे विषय शिकवायचे. नई तालीम, बुनियादी शिक्षण, वर्धा योजना ही याचीच नावं.

त्याआधी पोरांना काम शिकवायचं ते घर, शाळा नाही. पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर अक्षरं, मोडी, पावकी-निमकी, आणि सुताराचा मुलगा रंधा धरायला शिकायचा तो बापाच्या हाताखाली, म्हणजे कोणी कोणतं काम करायचं हे जातीनं आधीच ठरवलेलं. इंग्रजी अमलातल्या शाळाही पुस्तकीच. प्राथमिक अभ्यासक्रमात शेतीचं ज्ञान पाहिजे हे जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगाला, म्हणजे इंग्रज सरकारनं नेमलेल्या शिक्षण आयोगाला, सांगितलं होतं.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, तिथे या शिक्षणाची योजना आखायला झाकिर हुसेन समिती नेमली गेली. ७ ते १४ वर्षांच्या मुलांना सक्तीचं मोफत शिक्षण, तेही मातृभाषेतून. समितीनं सुचवलेलं टाइमटेबल बघा, साडेपाच तासांच्या शाळेत ३ तास २० मिनिटं निव्वळ उद्योगाला! पण नुसती टकळी (सूत कातायची हातचाती) फिरवायची नव्हती, सूत मोजता मोजता गणित, कापूस कुठल्या जमिनीत येतो त्यातून भूगोल, आणि सगळ्या जातींची पोरं एकाच सतरंजीवर बसून तेच काम करणार, मला तरी या योजनेतली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते.

वाद झाला तो पैशावरून. मुलांनी केलेला माल विकून मास्तरांचा पगार निघावा अशी कल्पना होती, त्यावर अर्थतज्ज्ञ के. टी. शहांनी परिषदेतच हरकत घेतली. शाळेचा कारखाना होईल ही भीती खरीच होती, पगार पोरांच्या सुतावर अवलंबून असेल तर मास्तर शिकवणार कधी?

१९३८ च्या हरिपुरा काँग्रेसनं योजनेला मान्यता दिली आणि वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला हिंदुस्तानी तालीमी संघ या संस्थेनं आर्यनायकम पतिपत्नींच्या हाताखाली ती चालवून दाखवली. बाकी बऱ्याच शाळांत मात्र टकळी आली, तिच्याभोवतीचं गणित-भूगोल आलंच नाही.

पुढे कोठारी शिक्षण आयोगानं (१९६४-६६) कार्यानुभव, म्हणजे शाळेत हातानं काम करून शिकणं, हा शब्द दिला. तो विषय आठवड्याच्या एकदोन तासांवर आला, कागदी फुलं नि तोरणं करायची, आणि लोहार-कुंभार उरले ते परिसर अभ्यासाच्या पुस्तकातल्या चित्रात. सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेत मात्र मुलं अजून शेती करतात, स्वयंपाक करतात, सूत काततात.