दोन पॉम्पी एलियट: एक कार्लटनचा कर्णधार, दुसरा पंधराव्या ब्रिगेडचा प्रमुख

पहिल्या महायुद्धातल्या ऑस्ट्रेलियन सैन्याबद्दल वाचायला घेतलं की ‘पॉम्पी एलियट’ हे नाव हमखास भेटतं. मेलबर्नच्या जुन्या फुटबॉलबद्दल वाचायला घेतलं तरी हेच नाव समोर येतं. शहर तेच, काळही जवळपास तोच. त्यामुळे मेलबर्नच्या कार्लटन क्लबचा एक फुटबॉलपटू पुढे सैन्यात जाऊन ब्रिगेडियर जनरल झाला, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात ही दोन वेगळी माणसं आहेत: फ्रेड एलियट आणि हॅरॉल्ड एलियट.

फ्रेड हा मूळचा पॉम्पी. १८९९ साली तो मेलबर्न क्लबकडून व्हिक्टोरियन फुटबॉल लीगमध्ये खेळला आणि पुढच्याच हंगामात कार्लटनकडे गेला. या ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये चेंडू अंडाकृती, मैदान क्रिकेटचं आणि प्रत्येक संघात १८ खेळाडू. मधल्या दोन उंच खांबांमधून चेंडू लाथेने मारला तर गोल, म्हणजे ६ गुण. शेजारच्या आखूड खांबापर्यंतच्या पट्ट्यातून गेला तर ‘बिहाइंड’, म्हणजे फक्त १ गुण. हा फरक कळल्याशिवाय फ्रेडच्या कारकिर्दीतली चुरस कळत नाही. १९०८च्या अंतिम सामन्यात तो कार्लटनचा कर्णधार होता. कार्लटनचे ५ गोल ५ बिहाइंड, म्हणजे ३५ गुण. एसेंडनचे ३ गोल ८ बिहाइंड, म्हणजे २६. एसेंडनला गुण मिळाले ११ वेळा, कार्लटनला १० वेळा, पण विजेतेपद कार्लटनला गेलं, तेही सलग तिसऱ्यांदा. त्या संघाचा प्रशिक्षक होता जॅक वॉरल, ऑस्ट्रेलियाकडून कसोटी क्रिकेट खेळलेला. १९०९ मध्ये खेळाडूंशी बिनसल्यावर वॉरल बाहेर पडला आणि प्रशिक्षणही फ्रेडकडे आलं. त्या वर्षीच्या अंतिम सामन्यात साउथ मेलबर्नचे आणि कार्लटनचे गोल सारखेच, चार-चार. पण बिहाइंड १४ विरुद्ध १२. दोन गुणांनी विजेतेपद हुकलं. १९११ पर्यंत कार्लटनची धुरा फ्रेडकडेच होती.

हॅरॉल्डचा रस्ता निराळा. त्याचा जन्म १८७८चा, व्हिक्टोरियातल्या वेस्ट चार्लटनचा. या गावाच्या नावानेही फसायला होतं: चार्लटन ग्रामीण भागात, कार्लटन मेलबर्न शहरात. मेलबर्न विद्यापीठात कायदा शिकत असताना तो शिक्षण मध्येच सोडून दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाला गेला आणि ‘डिस्टिंग्विश्ड कंडक्ट मेडल’ हे शौर्यपदक मिळवून परतला. मग वकिली आणि सोबत हौशी सैन्यातली नोकरी. १९१३ मध्ये त्याच्याकडे ‘एसेंडन रायफल्स’ या तुकडीची कमान आली. म्हणजे कार्लटनच्या कर्णधाराचं टोपणनाव वागवणारा माणूस एसेंडनच्या पोरांचा अधिकारी! मेलबर्नमध्ये क्लबच्या निष्ठा वस्तीवस्तीने वाटलेल्या असतात, त्यामुळे मला हे फार गमतीचं वाटतं. टोपणनाव चिकटण्यामागे मोठं कारण नव्हतं. एलियट म्हटलं की शहराला कार्लटनचा पॉम्पी आठवे, म्हणून हाही पॉम्पी झाला.

पुढे मात्र हॅरॉल्डने ते नाव स्वतःचं करून टाकलं. तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीत तो सातव्या बटालियनचा प्रमुख होता. २५ एप्रिल १९१५ला, उतरले त्याच दिवशी, त्याच्या पायाला गोळी लागली. बरा होऊन तो परतला आणि ऑगस्टमध्ये तिथल्याच लोन पाइनला लढला. व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिश साम्राज्याचा सर्वोच्च शौर्य सन्मान; तिथे दिल्या गेलेल्या अशा सात क्रॉसपैकी चार त्याच्या बटालियनचे. मग फ्रान्स, पंधरावी ब्रिगेड आणि १९ जुलै १९१६चा फ्रोमेलचा हल्ला, जर्मन खंदकांवरचा. हल्ल्याआधी त्याने ब्रिटिश मुख्यालयातून आलेल्या मेजर हॉवर्डला पुढच्या खंदकांपलीकडे नेऊन मोकळं रान दाखवलं आणि विचारलं, काय होईल? कत्तल होईल, असंच उत्तर आलं. एलियटने त्याला ते वरिष्ठांना सांगायची गळ घातली, तरीही हल्ला झाला. एका रात्रीत ऑस्ट्रेलियाचे ५,५३३ जण मारले गेले, जखमी झाले किंवा शत्रूच्या हाती सापडले. परतणाऱ्या सैनिकांशी हात मिळवताना तो रडत होता. अधिकारी म्हणून तो तापट आणि करडा होता, पण माणसं त्याच्यामागे जात ती या मायेमुळे, असं मला वाटतं.

१९१८च्या एप्रिलमध्ये फ्रान्समधल्या व्हिलेर-ब्रेतोनूच्या रात्रीच्या हल्ल्यात त्याची ब्रिगेड आघाडीवर होती. पाठोपाठच्या महिन्यात डिव्हिजनची, म्हणजे ब्रिगेडहून मोठ्या तुकडीची, कमान मात्र दुसऱ्यांना मिळाली. हा सल त्याला सिनेटर, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचा सदस्य, झाल्यावरही सुटला नाही. १९३१ मध्ये त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं.

जुन्या वर्तमानपत्रांत शोधताना तारीख आणि पान बघावं. १९११ पर्यंतच्या क्रीडापानावरचा कार्लटनचा पॉम्पी म्हणजे फ्रेड. नावाआधी कर्नल, जनरल किंवा सिनेटर असेल तर हॅरॉल्ड.

आणि कार्लटनचा खेळाडूही आणि सैनिकही असा एकच माणूस हवा असेल, तर जॉर्ज चॅलिसबद्दल वाचावं. मूळचा टास्मानियाचा, पेशाने शिक्षक, मैदानात विंगवर खेळणारा. १९१५च्या अंतिम सामन्यात कार्लटनने कॉलिंगवूडला ७८-४५ असं हरवलं, त्या संघात तो होता. नंतर तो ५८व्या बटालियनमध्ये सार्जंट झाला, आणि ही बटालियन हॅरॉल्ड एलियटच्याच ब्रिगेडमधली. १५ जुलै १९१६ला, फ्रोमेलच्या हल्ल्याला चार दिवस उरले असताना, चॅलिस मारला गेला. अंतिम सामन्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं.